‘गळा नाही’ म्हणण्यापूर्वी

आपल्याकडे मुलास वा मुलीस गाणे शिकवावयाचे ठरले म्हणजे प्रथम घरात बाजाची पेटी येते. तिच्या पट्ट्यांवर खडूने सा, रे, ग, म लिहिले जाते, बोटे त्या क्रमाने फिरू लागतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत एखादे पद वाजूही लागते. घरच्यांस धन्यता वाटते. मात्र तोच सा दुसऱ्या पट्टीवर धरावयास सांगा, की बोटे थबकतात! इकडे ज्याचा आवाज त्या ठरलेल्या पट्टीस पोहोचत नाही, त्याच्या कपाळी ‘याला गळाच नाही’ असा शिक्का बसतो व त्याचे गाणे जन्माचे सुटते. आमच्या मते या दोन्ही अनर्थांचे मूळ एकच आहे. आपण मुलांस स्वरांची नावे शिकवितो. स्वरांमधील अंतर शिकवीत नाही.

हे अंतर डोळ्यांनी पाहावयाचे असल्यास एका फळीवर ३६ इंचांची तार ताणून बसवावी. मोकळी तार छेडली की तो षड्ज. तिचा २७ इंच भाग वाजता ठेवला म्हणजे मध्यम, २४ इंच ठेवला म्हणजे पंचम, आणि बरोबर निम्मा, म्हणजे १८ इंच, ठेवला की तार षड्ज. तारेच्या लांबीवरून स्वरस्थाने सांगण्याची ही रीत नवी नव्हे. अहोबल पंडितांच्या सतराव्या शतकातील ‘संगीतपारिजात’ ग्रंथात ती आहे. आता गंमत पाहा. षड्जापासून मध्यमापर्यंत तार ९ इंचांनी आखूड झाली. पंचमापासून तार षड्जापर्यंत ती २४ ची १८ झाली, म्हणजे अवघ्या ६ इंचांनी. तथापि कानास ही दोन्ही अंतरे एकसारखीच वाटतात. कारण दोन्ही वेळी तारेचा चौथा हिस्साच कमी झाला. कान इंच मोजीत नाही, प्रमाण मोजतो. त्रैराशिक शिकलेल्या मुलास हे समजणे कठीण नाही. आणि समजले म्हणजे ज्यास सा-म म्हणता येतो त्यास प-सा निराळा शिकविण्याचे कारण उरत नाही.

पेटीवरही हे अंतर मोजता येते. षड्जाची पट्टी सोडून काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या क्रमाने मोजाव्या. सातवी पट्टी पंचमाची. पांढरी एकचा पंचम पांढरी पाचवर येतो, काळी एकचा काळी चारवर. पांढरी सातचा मात्र काळी तीनवर जातो. खडूची अक्षरे पाठ केलेला विद्यार्थी येथे फसतो.

पेटीत एक व्यंग आहे, हे खरे. तिच्या सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे पंचम जवळजवळ बिनचूक मिळतो, परंतु तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या गंधाराहून चढा असतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले, तर सुमारे १४ भागांनी. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी याच सूक्ष्म भेदांसाठी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. पुढे श्रुतींची पेटीही निघाली, पण ती रुळली नाही. नभोवाणीने तर १९४० साली पेटीवर बंदीच घातली व ती १९७१ पर्यंत चालविली. १९४८ साली निघालेल्या आमच्या नागपूर केंद्राचा आरंभही त्या बंदीतच झाला. आम्हांस हा अतिरेक वाटतो. ज्या वाद्यावर गोविंदराव टेंब्यांनी कीर्ती मिळविली, ते वाद्य टाकाऊ कसे म्हणावे? दोष पेटीचा नाही, कान तयार होण्याआधी ती हाती देण्याचा आहे.

ज्या नागपुरात शंकरराव सप्र्यांपाशी वसंतराव देशपांडे व सी. रामचंद्र हे दोघेही शिकले, तेथील पालकांस एवढे करणे जड नाही. मुलाचा सहज लागणारा स्वर तोच त्याचा षड्ज मानावा. तंबोरा घरी नसल्यास हल्ली मोबाइलमध्येही मिळतो. त्यावर नित्य दहा मिनिटे सा-प, मग सा-म म्हणवून घ्यावे. गंधारास घाई करू नये. पेटी त्यानंतर, आणि तीही डोळे मिटून: वडिलांनी वाटेल ती पट्टी दाबावी, मुलाने तिचा पंचम हुडकावा. आणि शाळेस आमची एक विनंती. स्नेहसंमेलनाच्या गायनवृंदातून जी मुले ‘गळा नाही’ म्हणून वगळली गेली, त्यांची या वर्षी पुन्हा परीक्षा व्हावी. मात्र या खेपेस पट्टी त्यांची असावी.