रात्र किती वेळाची?

मोरोक्कोतील मराकेश शहराच्या जामा अल्-फना चौकात कवड्यांच्या टोप्या घातलेले ग्नावा वादक मान हलवून टोपीचा गोंडा गरगर फिरवतात. प्रवासी छायाचित्र काढतात, नाणी टाकतात आणि गारुड्याकडे वळतात. पाच मिनिटांत व्यवहार पुरा!

ग्नावांचे पूर्वज सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणले गेले. त्यांच्या विधीला ‘लीला’ म्हणतात. आपल्या लीलेशी तिचा संबंध नाही. अरबीत हा शब्द रात्रीचा. घरात कुणी पीडित असेल तर रात्रभर हा विधी चालतो. तीन तारांची गिंब्री, चिपळ्यांसारखे लोखंडी करकेब, धूप आणि एकेका शक्तीचा एकेक रंग. अंगात येते, उतरते, पहाट होते.

मग पर्यटनाने हे संगीत बाटले काय? तसे म्हणणे सोपे आहे. पण ‘शुद्ध’ ग्नावा संगीत होते तरी कधी? आफ्रिकी स्मृती, अरबी भाषा, सूफी भक्ती यांच्या सरमिसळीतूनच ते जन्मले. एस्सौइराच्या महमूद गिनियांनी १९९४ मध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्सबरोबर ध्वनिमुद्रण केले, म्हणून ते ग्नावा राहिले नाहीत असे कोण म्हणेल? एकेकाळी तुच्छ लेखलेल्या या वादकांना १९९८ पासून एस्सौइराच्या महोत्सवाने व्यासपीठ दिले. २०१९ मध्ये युनेस्कोनेही दखल घेतली. ही प्रतिष्ठा नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना एक सवय जडली: उलाढालीला भुलायचे नाही, मुद्दल पाहायचे. इथले मुद्दल म्हणजे ती लांब रात्र, आणि मालेमच्या, म्हणजे उस्तादाच्या मागे वर्षानुवर्षे करकेब वाजवत बसणारा शिष्य. रंगमंचावर वाद्ये तीच, वेशही तोच. पण ज्याच्यासाठी हे सारे मांडायचे तो पीडित तिथे नसतो. विधी कुठे थांबवायचा हे त्याची अवस्था ठरवत असे. आता घड्याळ ठरवते. चौकातल्या पाच मिनिटांवर पोट भरू लागले, तर उरलेली रात्र शिष्याने शिकायची कशासाठी?

तेव्हा प्रवाशाने ‘हे अस्सल आहे का?’ असे विचारू नये. या वादकाला अजून कुणी घरी लीलेसाठी बोलावते का, आणि त्याच्या मागे कुणी शिकते आहे का, हे विचारावे. महोत्सवाच्या कमाईचा वाटा त्या शिष्यापर्यंत पोहोचला पाहिजे. पाहुण्यांसाठी दिवाणखाना सजवायला हरकत नाही; मात्र त्यापायी माजघरातली चूल विझता कामा नये.