कुणालाच न लागणाऱ्या गोळ्या

सुट्टीत नातू आला की आमच्या टीव्हीचा ताबा त्याच्याकडे जातो. यंदा मे महिन्यात त्याने 'द ए-टीम' ही जुनी अमेरिकन मालिका कुठूनशी शोधून काढली. १९८३ ते १९८७ या काळात एनबीसी वाहिनीवर चाललेली. व्हिएतनाममध्ये लढलेले सैनिक, न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेले, तिथून पळालेले आणि आता अडल्यानडल्यांच्या मदतीला धावणारे. सिगार ओढणारा म्होरक्या हॅनिबल, गळ्यात सोन्याच्या साखळ्यांचं ओझं वागवणारा मिस्टर टी, लाल पट्ट्याची काळी व्हॅन. खोटं कशाला बोलू, मलाही मजा आली. दुष्टांनी यांना एखाद्या शेडमध्ये कोंडायचं आणि यांनी तिथल्याच भंगारातून वेल्डिंग करून चिलखती गाडी बनवायची! आमच्या शाळेतले कार्यानुभवाचे सर हे बघून खूश झाले असते.

पण शेवटच्या दहा मिनिटांत बंदुका निघतात. यांच्या हातातली ठरलेली रायफल म्हणजे रुगर कंपनीची मिनी-१४. सुटसुटीत, हलकी, दिसायला देखणी. कमरेशी धरून नुसता वर्षाव चालू असतो. मी सवयीचा मास्तर. नातवाला म्हटलं, "एक गणित घालतो. गोळ्या किती सुटल्या आणि किती लागल्या ते मोज." दीडशेच्या पुढे तो कंटाळला. लागलेल्या मात्र त्याने चोख मोजल्या होत्या. शून्य! गाड्या हवेत उलटल्या, आतली माणसं कपडे झटकत बाहेर आली. मग तो म्हणाला, "आजोबा, हे लोक कमांडो आहेत ना? मग यांचा नेम इतका वाईट कसा?"

मी खूप हसलो. रात्री मात्र तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला.

या मालिकेत जवळजवळ कुणी मरतच नाही. मुलाबाळांसह बघायची मालिका, तेव्हा रक्त नको, असा हिशोब. ऐकायला किती समंजस वाटतं! पण जमाखर्चात जमेची बाजू ठळक लिहायची आणि नावेची बाजू खोडून टाकायची, असला हा प्रकार आहे. बंदुकीचा रुबाब सगळा दाखवायचा, परिणाम तेवढा नाही.

कॉलेजात एन.सी.सी.त असताना मी थ्री-नॉट-थ्री रायफलच्या पाच गोळ्या झाडल्या आहेत. दस्ता खांद्याला घट्ट लावा, असं उस्तादांनी तीनदा सांगूनही मी तो सैल धरला. धक्क्याने खांदा आठवडाभर काळानिळा होता आणि संध्याकाळपर्यंत कानांना दडे बसले होते. आमचे हॅनिबलराव शंभर गोळ्या झाडून लगेच शेजाऱ्याशी विनोद करतात, आणि शेजाऱ्याला तो ऐकूही जातो!

चित्रीकरणात गोळी नसलेली काडतुसं वापरतात. त्यात शिसं नसलं तरी दारू असते, आणि ती पेटली की तोंडाशी वायूचा जबरदस्त दाब तयार होतो. ए-टीमच्याच काळात, ऑक्टोबर १९८४ मध्ये, सीबीएसच्या 'कव्हर अप' या मालिकेच्या सेटवर जॉन-एरिक हेक्सम हा तिचा नायक काम रखडलं म्हणून कंटाळून बसला होता. गंमत म्हणून त्याने असलं काडतूस भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावलं आणि चाप ओढला. कवटी फुटून हाडाचा तुकडा मेंदूत घुसला. काही दिवसांत तो गेला. वय २६. ज्याच्या हातात रोज ती वस्तू असायची, त्यालाही ती खेळणंच वाटली होती.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. ६ डिसेंबर १९८९. कॅनडातल्या माँट्रियलमधलं एकोल पॉलिटेक्निक हे अभियांत्रिकी कॉलेज. एक तरुण वर्गात शिरला. त्याने मुलगे आणि मुली वेगळे केले, मुलग्यांना बाहेर जायला लावलं आणि मुलींवर गोळ्या झाडल्या. मग तो इमारतभर फिरला. १४ जणी गेल्या, त्यातल्या बहुतेक अभियांत्रिकी शिकणाऱ्या. मुलींनी हे शिकावं हेच त्याला खुपत होतं. त्याच्या हातातली रायफल होती रुगर मिनी-१४. दुकानातून रीतसर विकत घेतलेली.

मी छत्तीस वर्षं शिकवलं. दहावीच्या वर्गात मुलींचे दोन बाक भरले की चौदाच्या आसपास संख्या व्हायची, कारण आमच्याकडे बाक लांब होते. हजेरी घेताना चौदा नावं उच्चारायला मिनिटही लागत नाही. त्यांतली एखादी इंजिनिअरिंगला गेली की आम्ही शाळेत पेढे वाटत असू. तेव्हापासून त्या देखण्या रायफलीकडे मला सरळ नजरेने बघवत नाही. कॅनडाने मे २०२० मध्ये सुमारे दीड हजार प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली, त्यात ही एक होती. तीस वर्षं लागली.

आमचे चिरंजीव म्हणतात, "बाबा, आम्ही दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल उडवलं, 'शोले' दहादा पाहिला. कोण खुनी झालं?" मुद्दा बरोबर आहे. मालिका बघून माणूस खुनी होतो असं मी म्हणतच नाही. माँट्रियलच्या त्या तरुणाच्या मनातलं विष कुठल्या मालिकेने भरलं नव्हतं. पण 'शोले'त ठाकूर घरी येतो तेव्हा अंगणात पांढऱ्या कापडाखाली देह ओळीने ठेवलेले असतात. ते कापड पाहून आमचं अख्खं थिएटर गप्प झालं होतं. गोळीची किंमत तिथे मोजलेली होती. मुलांपासून रक्त लपवायचं असेल तर बंदूकही लपवा. बंदूक दाखवायचीच असेल तर ते पांढरं कापडही दाखवा. अर्धं शिकवणं हे न शिकवण्यापेक्षा वाईट, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

नातवाला हेक्समची गोष्ट सांगितली. माँट्रियलची सांगू की नको, दोन दिवस ठरेना. शेवटी सांगितली, त्याच्या वयाला झेपेल तेवढी. तो काही बोलला नाही. संध्याकाळी पुन्हा मालिका लावली, मीही शेजारी बसलो. गोळीबार सुरू झाल्यावर त्याने आवाज थोडा कमी केला.

असो. मालिका बंद कर, असं मी त्याला सांगितलं नाही. मोजत जा, एवढंच सांगितलंय.