विशेष काही नाही!

मराठी पत्राचा जो जुना साचा आमच्या पूर्वजांनी सिद्ध करून ठेवला, त्यात एक शब्द मोठ्या चातुर्याने योजलेला आहे. प्रथम कागदाच्या माथ्यावर 'श्री'. मग ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे तीर्थरूप, राजमान्य राजश्री अथवा चिरंजीव. मग साष्टांग नमस्कार अथवा अनेक आशीर्वाद. मग येथील क्षेम जाणून तिकडील क्षेम लिहीत जावे अशी विनंती. आणि हे सारे सोपस्कार यथासांग उरकले म्हणजे 'विशेष'. ह्या शब्दाच्या अलीकडे जे असे ते कोणीही कोणासही लिहावे. पलीकडे जे येई ते मात्र एका माणसाने एका माणसास कळविलेले असे: म्हैस व्याली, आईचा दमा वाढला, धाकट्याने शाळा सोडली, वहिनींशी बोलाचाली झाली, पैशांची निकड आहे. मायना हा पत्राचा उंबरठा होय. घर त्याच्या आत असे.

आज आमच्या सुशिक्षित घरांतून दूरदूरच्या आप्तांस नित्य जो मजकूर जातो त्यात मायना उदंड आहे. विशेष मात्र औषधालाही सापडत नाही. हा आमचा आरोप आहे, आणि तो करताना आम्ही स्वतःस त्यातून वगळीत नाही.

घराघरांतील स्थिती वाचकांस ठाऊकच आहे. एक भाऊ पुण्यास, दुसरा बंगळुरास, भाचा टोरांटोस, पुतणी मेलबर्नला, आणि मूळ घर राखणारे एखादे वृद्ध माणूस कोकणात किंवा देशावर. ह्या सर्वांस एकत्र बांधण्यासाठी व्हॉट्सअॅपवर 'अमुक परिवार' ह्या नावाचा एक समूह असतो. पहाट झाली की तेथे उगवता सूर्य अवतरतो. त्यामागून कमळे, सुविचार, वाराप्रमाणे देवता. एकादशीस विठोबा, चतुर्थीस गजानन, आणि दिवाळीस तर एकच पणती सात चुलतभावांकडून सात वेळा येते. वाढदिवसाचे अभिनंदन पहिला मनुष्य स्वहस्ते लिहितो. उरलेले तीस जण त्याचीच नक्कल चिकटवितात. अफवांस आळा पडावा म्हणून 2018 साली ह्या साधनात अशी सोय झाली की, दुसऱ्याकडून आलेला मजकूर कोणी पुढे ढकलला तर त्याच्या माथ्यावर तसा शिक्का उमटावा. तो शिक्का आता आमच्या मायेवरही उमटू लागला आहे. ज्या कागदावर पूर्वी 'श्री' असे, तेथे आज 'फॉरवर्डेड' असते. आपल्या काकूंस दिलेल्या शुभेच्छा आपल्या नव्हेत, त्या आपणास दुसऱ्या कोणाकडून फुकट मिळाल्या होत्या, हा कबुलीजबाब ह्याहून स्पष्ट कोणत्या शब्दांत द्यावयाचा?

कोणी म्हणतील, "ह्यात बिघडले काय? चार चित्रे इकडून तिकडे गेली तर कोणाचे नुकसान होते?" ह्याचे उत्तर आमच्याच घरात घडलेल्या गोष्टीने देतो. आमच्या एक आत्याबाई कोकणात एकट्या राहतात. त्यांच्याकडून रोज सकाळी न चुकता सुप्रभाताचे चित्र येई, आणि ते आले की आम्ही सारे भाचे-भाच्या 'आत्याबाई ठीक आहेत' असे समजून आपापल्या कामास लागत असू. गणपतीस आमच्यापैकी एक जण अवचित गावी गेला, तेव्हा त्यास असे आढळले की, आत्याबाईंस समोर उभे राहिलेले माणूस ओळखू येत नाही. काचबिंदूने त्यांची दृष्टी कित्येक महिन्यांपासून मावळत चालली होती. मग ती चित्रे कोण धाडीत होते? शेजारचा एक शाळकरी मुलगा! शाळेत जाण्यापूर्वी तो येई, आत्याबाईंचा फोन हाती घेई, एखादे चित्र निवडी आणि धाडून देई. "तुम्ही आम्हांस कळविले का नाही?" असे विचारता त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे रोज एवढ्या आनंदात असता; त्यात माझे रडगाणे कोठे घालू?"

काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. वेळीच औषधोपचार झाला तर उरलेली मात्र पुष्कळदा राखता येते. आम्हांस वेळीच कळले नाही. आणि कळले नाही ते अंतरामुळे नव्हे, साधनांच्या अभावामुळे तर नव्हेच. साठ माणसे रोज परस्परांशी 'बोलत' होती, आणि त्या बोलण्याच्या गलबल्यात एक बाई आंधळी होत होती. आनंदाचे अखंड प्रदर्शन जेथे चालते तेथे दुःखी मनुष्यास तोंड उघडण्याची लाज वाटते. निरुपद्रवी म्हणून ज्यांची भलामण होते त्या चित्रांनी केलेला हा उपद्रव आहे.

आता प्रतिपक्षाच्या दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. जुनी पत्रे तरी काय मोठी सत्यवादी होती, असे विचारणारे चूक नाहीत. सासरी गेलेल्या मुलीचे माहेरास जाणारे कार्ड टपालपेटीत पडण्यापूर्वी सासूबाईंच्या किंवा दिरांच्या नजरेखालून जाई, आणि उपाशी ठेवलेल्या मुली 'मी येथे खुशाल आहे' असे लिहून मोकळ्या होत. आपल्याकडे 1879 साली पोस्टकार्ड आले. ते जितके स्वस्त तितकेच उघडे. तारेची गोष्ट तर ह्याहून बोलकी आहे. अभिनंदनाच्या तारांसाठी तारखात्याने ठराविक वाक्ये करून त्यांस क्रमांक दिले होते. पाठविणाऱ्याने केवळ आकडा सांगावा, तारेवरून तो आकडाच जावा, आणि पलीकडील कचेरीने त्याचे वाक्य लिहून काढावे. 2013 च्या जुलैत आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. पण क्रमांकी माया बंद झाली नाही, एवढेच म्हणावयाचे.

हे सर्व आम्हांस मान्य आहे. तथापि एक फरक राहतोच. त्या मुलीचा हात सासरच्या धाकाने आखडलेला होता. आमचा हात कोणी धरला आहे? आणि धाक असताही, अडचणी असताही, ज्यांस खरोखर काही सांगावयाचे होते त्यांनी ते सांगितलेच. सावित्रीबाई फुले 1856 साली आजारपणामुळे नायगावी माहेरी होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांस जे पत्र लिहिले त्यात प्रकृतीचे वर्तमान आहेच; परंतु भाऊ काय टोचून बोलला, महार-मांगांसाठी पतीपत्नी जे कार्य करीत त्यास त्याने कशी नावे ठेवली, आणि आपण त्याचे म्हणणे कसे खोडून काढले, हेही त्यात आहे. माहेरातील भांडण नवऱ्यास कळवावे की झाकून ठेवावे, असा प्रश्न त्या बाईंस पडला नाही. पुढे 1868 च्या पत्रात, महार मुलीवर प्रेम करणाऱ्या एका ब्राह्मण तरुणास व त्या मुलीस गावकरी मारावयास निघाले असता आपण मध्ये पडून दोघांस कसे वाचविले, ही हकीकत आहे. आनंदीबाई जोशी 1883 ते 1886 ह्या काळात अमेरिकेत होत्या. समुद्रापलीकडून टपाल यावयास कित्येक आठवडे लागत. पण गोपाळरावांशी चाललेला त्यांचा पत्रव्यवहार पाहिला तर थंडी, पोशाख, आहार, प्रकृती, इतकेच काय, नवऱ्याच्या कठोर बोलांनी झालेले दुःखदेखील त्यात स्पष्ट आहे. काशीबाई कानिटकरांस आनंदीबाईंचे चरित्र लिहिता आले ते अशा पत्रांच्या बळावर. आमच्या आजच्या सुप्रभातांच्या राशीतून कोणाचे चरित्र लिहिता येईल?

ह्या थोरांची उदाहरणे नकोत असे ज्यांस वाटेल त्यांनी मुंबईच्या गिरणीकामगाराकडे पहावे. टपालखात्याने 1880 साली मनिऑर्डरीचे काम आपल्याकडे घेतले, आणि त्या फॉर्मावर निरोपासाठी एक चिंचोळी पट्टी ठेवली. रत्नागिरीकडील चाकरमानी पैशांबरोबर त्या पट्टीवर जेवढे मावेल तेवढे लिही. लिहिता येत नसले तर मोठ्या टपालकचेरीबाहेर बसणाऱ्या लेखनिकास पैसे देऊन लिहवून घेई. जागा इतकी थोडी की मायन्यास वाव नसे. सबब जे उरे ते सारे विशेषच असे. घराची कौले चाळून घ्यावी, थोरल्यास शाळेत घालावे, दिवाळीस रजा मिळाली नाही. आम्हांस जागेची मर्यादा नाही, दाम मोजावा लागत नाही, अक्षरओळख आहे. आणि आम्ही धाडतो काय, तर कमळ!

तिसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. साठ माणसांत घरातले दुखणे, मुलाची गेलेली नोकरी, मुलीचा मोडलेला संसार कशाला उघडा करावयाचा? साठांपुढे करू नये, हे आम्हांसही मान्य आहे. पण मग एकाजवळ करावा की नाही? चव्हाट्यावर बोलता येत नाही म्हणून माजघरातही मुके व्हावयाचे, हा कोठला न्याय? मूठ झाकावी ती बाजारात. घरात ती झाकून ठेवणारा उपाशी मरतो. शिवाय आजार झाकणे हे केवळ एकट्याचे नुकसान नसते. काचबिंदू, मधुमेह, हृदयविकार हे रोग रक्ताच्या नात्यात उतरण्याचा संभव अधिक असतो. आत्याबाईंचे वर्तमान कळताच आम्ही भावंडांनी आपापले डोळे तपासून घेतले. आमच्यापैकी एकाच्या डोळ्यांत त्याच रोगाची सुरुवात निघाली. त्यास स्वतःस काहीच जाणवत नव्हते. म्हातारीचे 'रडगाणे' ऐकले म्हणून त्याचे डोळे वाचण्याची आशा आहे.

सणासमारंभांविषयीही आमचे म्हणणे हेच आहे. आनंद सांगू नये असे आम्ही म्हणत नाही. तो सांगावा, पण अंगोपांगांसह सांगावा. बारशाची चाळीस छायाचित्रे येतात. पण मुलाचे नाव कोणी सुचविले, पाळणा कोणी म्हटला, पणजीने बाळास पाहून काय उद्गार काढले, ह्याविषयी एक अक्षर नसते. जुन्या पेटीत सापडणारी छायाचित्रे आठवावी: ओळीने बसलेली माणसे, टोप्या, नऊवारी लुगडी, आणि कोणाचेच नाव सांगता येत नाही. कोणी पाठीमागे चार नावे लिहून ठेवली असती तर ते चित्र घराण्याचे धन झाले असते. आमच्यातील कित्येक घराण्यांनी कष्ट घेऊन कुलवृत्तांत छापले. त्या उद्योगाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्यांतील बहुतेक जुने ग्रंथ जन्म, विवाह, शिक्षण व नोकरी एवढ्यावर थांबतात, आणि घराण्याची लेक एकदा सासरी गेली की तिच्यापुढचा वंशही तेथेच संपतो. आमच्या आत्याबाईंची अशा ग्रंथात फार तर एक ओळ झाली असती. आंधळेपण त्या एका ओळीत कोठून मावणार?

मग आमचे मागणे काय? टाक-दौतीकडे परत चला असे आम्ही म्हणत नाही. साधन निर्दोष आहे; किंबहुना जिला अक्षर येत नाही अशी आजीही आज आपल्या आवाजात आपली कथा सातासमुद्रांपलीकडे पोचवू शकते, हे भाग्य पूर्वीच्या कोणत्याही पिढीस लाभले नव्हते. मागणे इतकेच की, प्रत्येक शहाण्या माणसाने महिन्यातून एकदा आपल्या एका आप्तास, त्याचे नाव घालून, एक तरी 'विशेष' कळवावा. आणि त्याच्याकडील 'विशेष' विचारून उत्तराची वाट पहावी. दिवाळीस पणती धाडण्याऐवजी यंदा चकली का बिघडली ते लिहावे. ते वाचून मावशी हसेल, उपाय सांगेल, आणि बोलता बोलता आपल्या गुडघ्याचे दुखणेही सांगून टाकील.

आत्याबाईंस आता आमच्यापैकी कोणी ना कोणी रोज प्रत्यक्ष बोलावते. "काय विशेष?" असे विचारले की त्या जुन्या सवयीने "विशेष काही नाही" असे म्हणतात. आम्ही फोन ठेवीत नाही. थोड्या वेळाने त्या बोलू लागतात.