सुंदर कोण, हे ठरवतं कोण?

जपानमध्ये शतकानुशतकं काळे दात सौंदर्याचं लक्षण मानले जात. व्हिनेगरमध्ये लोखंड भिजवून केलेल्या रंगानं स्त्रिया दात रंगवत. १८७३मध्ये सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली आणि ही चाल मागे पडू लागली. आपल्याकडेही सवाष्णी हौसेनं दातवण लावून दात काळे करत. आज त्याच घरांतल्या मुली फोटोत दात पांढरे आणि रंग उजळ करून घेतात. स्थळं पाहताना ‘गोरी’ ही अट अजून सुटलेली नाही.

म्हणूनच हा अंक सौंदर्याच्या बदलत्या कल्पनांवर आहे. त्या सत्ता, बाजार आणि जात यांतून कशा घडतात, हे आम्ही तपासलं आहे. निकष माणसांनीच घडवलेत, तेव्हा ते बदलताही येतात, असा आमचा विश्वास आहे. तुमचे अनुभव, मतभेद आम्हाला जरूर कळवा.