उपनगर कोण निवडतो?

वर्तमानपत्रांच्या घरविषयक पुरवण्यांतून एक उपदेश नियमाने छापला जातो. कुटुंबासाठी भाड्याचे घर घ्यावयाचे तर उपनगर 'डोळसपणे' निवडावे. स्थानक पायी अंतरावर आहे ना, कचेरीस पोहोचण्यास किती वेळ लागतो, शाळा, दवाखाना आणि मंडई जवळ आहेत ना, याचा तक्ता मांडावा व मग निर्णय घ्यावा. उपदेश वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी असलेले गृहीत खोटे आहे, आणि तेच गृहीत आता आपल्या कार्यकर्त्यांच्याही बोलण्यात शिरू लागले आहे, म्हणून हे टिपण. मुंबई परिसरातील नोकरदार कुटुंब उपनगर निवडते, असे हे गृहीत. प्रत्यक्षात घरभाडे त्या कुटुंबाला उचलते आणि जेथे परवडेल तेथे नेऊन टाकते. बदलापूर काय, विरार काय, या निवडीच्या जागा नव्हेत, हद्दपारीच्या आहेत.

रिकार्डोने १८१७ साली शेतजमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले ते मध्य रेल्वेच्या वेळापत्रकालाही लागू पडते. सुपीक जमिनीचे आधिक्य जसे कुळाच्या हाती न राहता खंडाच्या रूपाने जमीनदाराकडे जाते, तसेच कामाच्या ठिकाणापासूनच्या सोयीचे मोल घरमालक आधीच भाड्यात वसूल करून घेतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, बदलापूर ६८. जसजसे पुढे जावे तसतसे भाडे उतरते आणि तास चढतात. बदलापूरहून परळच्या कचेरीत जाण्यायेण्यास, दारापासून दारापर्यंत, साडेतीन तास धरू. वर्षाचे २८० दिवस धरले तर ९८० तास होतात. आठ तासांच्या पाळीच्या हिशेबाने १२२ दिवस. म्हणजे वर्षाकाठी चार महिन्यांची बिनपगारी पाळी हा मनुष्य डब्यात उभा राहून भरतो. तो जवळ राहू शकेल इतके वेतन मालकाला द्यावे लागत नाही, आणि जवळच्या घराचा धनी त्या दुर्मीळतेवर गब्बर होतो. या दोघांच्या सोयीचा हिशेब मात्र पुरवणीतील तक्त्यात कोठेच नसतो.

बरे, हा प्रवास तरी कसला? मुंबईच्या लोकलमधील ऐन गर्दीसाठी रेल्वेच्या परिभाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे, असा त्याचा अर्थ. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी धावत्या गाडीतून खाली पडले आणि त्यांतील किमान चौघे दगावले. त्याच्या एक वर्ष आधी मुंबई उच्च न्यायालयाने या प्रवासाच्या स्थितीची लाज वाटते, असे उद्गार काढले होते. ज्यांनी लाज बाळगावयाची, त्यांच्यापर्यंत ते पोहोचल्याचे दिसत नाही.

आणि 'सुलभ प्रवास' म्हणजे कुटुंबातील कोणाचा? नवरा अंधेरीला सीप्झमध्ये, बायको फोर्टात, मुलांची शाळा तिसरीकडे. अशा घरात उपनगर ठरते ते बहुधा नवऱ्याच्या नोकरीवरून. पहाटे डबे भरून, मुलांना शेजारणीच्या हवाली करून लांबची गाडी बाई पकडते. आणि काही वर्षांनी 'जमत नाही' म्हणून नोकरी सुटते तीही तिचीच. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याला कुटुंबाचा पसंतीक्रम म्हणतात.

शिवाय निवड एकदा करून भागत नाही. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. आज नव्याने घर शोधणारा मनुष्य कायद्याच्या भाषेत बहुधा भाडेकरूही नसतो. तो असतो 'लीव्ह अँड लायसन्स'चा परवानाधारक. करार अकरा महिन्यांचा, वर अनामत, वर दलालाची महिनाभराच्या भाड्याइतकी दलाली. मुदत संपली की पुन्हा टेम्पो, पुन्हा शाळेचा प्रश्न. त्यातही आडनाव, धर्म आणि स्वयंपाकघरात काय शिजते याची चौकशी होऊन दार बंद होते, ते वेगळेच. मुसलमान वा दलित कुटुंबाचा तक्ता पुरवणीतल्या तक्त्यापेक्षा फार आखूड असतो.

येथे बाजारवादी मित्र म्हणतील की, हे सारे तुमच्या भाडेनियंत्रणाचे फळ. त्यात अर्धे सत्य आहे. १९४७ च्या मुंबई कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानून गोठवले, त्यातून पागडी आली, इमारतींची दुरुस्ती थांबली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती व्यवस्था मनमानी ठरवली. परंतु परवान्याच्या घरांना बाजारभाव घेण्यास पाव शतक मोकळीक आहे. त्याने काय साधले? २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे पावणेपाच लाख घरे रिकामी आढळली. देशाच्या शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ साली ५४ टक्के होते, ते २०११ साली २८ टक्क्यांवर आले. हे आकडे सरकारच्याच आर्थिक पाहणीतले आहेत. घर ही जेव्हा पैसा साठवण्याची पेटी होते, तेव्हा पेटीत माणूस राहतो की नाही याची धन्याला फिकीर नसते.

दुसरे उत्तर मेट्रोचे. मेट्रो हवीच, तिला विरोध करणारा मी नव्हे. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मार्ग सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड हा भुयारी मार्ग पूर्ण झाला. पण सार्वजनिक पैशाने मार्ग बांधला आणि स्थानकाभोवतीची घरे खाजगी बाजारावर सोडली, की वाचलेली अर्ध्या तासाची किंमत पुढील करारात भाडे होऊन उगवते आणि ज्याच्यासाठी गाडी आणली तो दोन स्थानके पलीकडे ढकलला जातो. सरकारला हे कळत नाही असे नाही. १९९२ साली मानखुर्दहून वाशीला रेल्वे गेली, तिच्या खर्चाचा ६७ टक्के भाग सिडकोने उचलला, जमिनीतून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या भरवशावर. जमिनीची वाढलेली किंमत समाजाची आहे, हे तत्त्व येथे अमलात आले होते.

आता आपल्या घरचे. परक्या सरकारने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे २०७ बीडीडी चाळी बांधल्या. कामगारांवरील प्रेमापोटी नव्हे. गिरणीच्या भोंग्याच्या अंतरावर मजूर हवा होता म्हणून. तरी सरकारने घर बांधून भाड्याने द्यावे, हे त्याने मानले. स्वराज्यात गृहनिर्माण मंडळाने कामगारांसाठी वसाहती उभारल्या, आणि पुढे त्यांतील घरे मालकी हक्काने देऊन टाकली. मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे कमाल जमीन धारणा कायद्याच्या जमिनीसाठी झगडून दिंडोशीला सुमारे सहा हजार घरे उभी केली. समाजवाद्यांच्या खात्यावरची ही मोठी जमा आहे. पण तीही मालकीचीच. उजवे असोत वा डावे, 'स्वतःचे घर' या घोषणेपलीकडे कोणी गेले नाही. अकरा महिन्यांच्या परवान्यावर जगणाऱ्याला कोणताच पक्ष आपला मानत नाही, कारण पुढील निवडणुकीपर्यंत तो त्या मतदारसंघात असेल याची शाश्वती नाही!

२००८ साली एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली: १६० चौरस फुटांच्या खोल्या, त्याबदल्यात विकासकाला वाढीव चटईक्षेत्र. विकासकांनी चटईक्षेत्र घेतले, योजना मात्र भाड्याची राहिली नाही. पनवेलजवळ कोन येथील यातलीच घरे २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांच्या वाट्याला गेली. गिरणगावाच्या जमिनीवर मॉल आणि मनोरे, ती जमीन ज्यांच्या घामाने मोलाची झाली त्यांना कोन. त्यांनी कोणता तक्ता मांडला होता?

मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणात भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे. उल्लेखाचे घर होत नाही. १९२३ साली व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने घरांवर चढता कर बसवला आणि १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे बांधून भाड्याने दिली. ती विकली नाहीत. आपली मागणीही तितकीच नेमकी असावी. स्थानकांलगतची, बेस्ट आणि एस.टी.च्या आगारांची जमीन विकू नये. तेथे सार्वजनिक मालकीची घरे बांधून उत्पन्नाच्या पाव भागाहून अधिक नसलेल्या भाड्याने द्यावीत. रिकाम्या घरांवर चढता कर असावा. केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्यातील दोन महिन्यांच्या अनामतीची मर्यादा येथे बंधनकारक करावी. आणि याची सुरुवात निवेदनाने नको. प्रत्येक शाखेने आपल्या स्थानकापासून पंधरा मिनिटांच्या पायी अंतरातील सार्वजनिक भूखंड आणि कुलूपबंद इमारती यांची यादी दोन महिन्यांत करावी, आणि ती प्रभागाच्या सभेत जाहीरपणे वाचावी.