वेगाचे व्याज

वाशीच्या धान्य किंवा मसाला बाजारात पेढी असलेल्या एखाद्या कुटुंबात जुन्या रोजमेळाची जागा आता संगणकाने घेतलेली असते. आणि दिवसा खतावणी सांभाळणारा तोच संगणक रात्री घरातील तरुणाच्या खेळासाठी चालतो. हा तरुण एखाद्या दिवशी ‘ओव्हरक्लॉकिंग’ करण्याची, म्हणजेच मदरबोर्डवरील व्होल्टेज वाढवून यंत्राचा वेग वाढविण्याची परवानगी मागतो. वडीलधाऱ्यांना हा विषय परका वाटतो. वास्तविक तो तराजूचा आणि व्याजाचा विषय आहे.

संगणकाचा प्रोसेसर ठरलेल्या ठेक्यावर काम करतो. चार गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला चारशे कोटी ठेके. प्रत्येक ठेक्यास असंख्य सूक्ष्म विद्युत्-कळा शून्य किंवा एक या स्थितीत स्थिर व्हाव्या लागतात. ठेका जलद केला की काही कळा वेळेवर स्थिर होत नाहीत आणि उत्तर चुकते. व्होल्टेज वाढविल्यास त्या अधिक चपळ होतात. म्हणूनच वेगाच्या मागोमाग व्होल्टेज येते.

मदरबोर्डवरील नियामक मंडल बारा व्होल्टचा पुरवठा उतरवून प्रोसेसरला साधारण सव्वा व्होल्टच्या आसपास देते. आपण किती देत आहोत हे ते सतत मोजत असते. पूर्वी हौशी मंडळी या मोजणीच्या रोधकाला समांतर दुसरा रोधक डाखीत, किंवा त्यावर चक्क शिसपेन्सिलीची रेघ ओढीत. त्यामुळे नियामकाला वास्तवापेक्षा कमी व्होल्टेज दिसे आणि तो अधिक सोडू लागे. काटा कमी दाखवू लागला की तोलणारा पोत्यात जास्त धान्य ओततो, तसाच हा प्रकार! आज हेच काम बायोसमधील एका आकड्याने होते. परंतु सोय वाढली म्हणून परिणाम बदललेला नाही.

या छंदाला एके काळी भक्कम आधार होता. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर अनेकांकडे ४५० मेगाहर्ट्झवर सुखाने चाले. कारखान्याने राखून ठेवलेली क्षमता ग्राहकाच्या पदरात पडत असे. आताचे प्रोसेसर गरजेनुसार आपला वेग स्वतःच वाढवितात; त्यामुळे शिल्लक फारशी उरलेली नाही.

आता हिशेब पाहावा. प्रोसेसरचा वीजवापर मुख्यतः वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दहा टक्के वाढविला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ केले, तर शंभर वॅटच्या जागी सुमारे १३३ वॅट लागतात. दहा टक्के लाभावर तेहतीस टक्के खर्च! रोज आठ तासांच्या वापरात महिन्याला सुमारे आठ युनिट वाढतात. ही रक्कम किरकोळ असली, तरी ती सारी उष्णता नवी मुंबईच्या दमट खोलीतच राहते. ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरे यंत्रे थंड ठेवण्यासाठी केवढा खर्च करतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या उष्णतेचे मोल कळते.

मुद्दलाची झीज वेगळीच. जादा व्होल्टेज आणि तापमान यांमुळे चिपमधील सूक्ष्म तारा व कळा हळूहळू क्षीण होतात. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत असल्याचे कारण कंपनीने स्वतः सांगितले आणि हमीचा काळ दोन वर्षांनी वाढविला. सुधारणा आली, पण झालेली झीज भरून निघणारी नव्हती. तेथे दोष कंपनीचा होता म्हणून भरपाई मिळाली. स्वहस्ते व्होल्टेज वाढविणाऱ्याला सामान्यतः हमीचे संरक्षण मिळत नाही.

तरीही व्यापारी घराला खरा धोका चिप जळण्याचा नाही. जळालेली चिप बदलता येते. अर्धवट अस्थिर यंत्र मात्र चालू राहते आणि एखाद्या नोंदीतील आकडा किंवा फाइलचा भाग गुपचूप बिघडवू शकते. रात्री घेतलेल्या बॅकअपमध्येही तीच बिघडलेली फाइल जाते, आणि चूक जीएसटी विवरणाच्या वेळी किंवा ताळेबंद जुळविताना उघडकीस येते.

म्हणून तरुणाला सरसकट नकार देण्याचे कारण नाही. यंत्र समजून घेण्याची ही उत्तम शाळा आहे. मात्र हिशेबाचा संगणक वेगळा असावा. प्रयोगाचे यंत्र त्याने स्वतःच्या बचतीतून घ्यावे. बदल थोडाथोडा करून, प्रत्येक वेळी तापमान व स्थैर्य तासन्‌तास तपासावे आणि आकडे वहीत लिहावेत. त्याने उलट प्रयोगही करावा: वेग तोच ठेवून व्होल्टेज पाच टक्के उतरवावे. यंत्र स्थिर राहिले, तर सुमारे दहा टक्के वीज वाचते. दोन्ही प्रयोगांची वही समोर ठेवली की कोणता व्यवहार किफायतीचा, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.