डाउन पेमेंटलाही जात असते

‘बँक जात विचारत नाही, पगाराची स्लिप विचारते,’ असे आपल्यातलेच शिकलेले तरुण हल्ली सांगतात. हे अर्धेच खरे आहे. स्लिप पाहून झाल्यावर बँक दुसरा प्रश्न विचारते: स्वतःचे किती भरणार? याचे उत्तर पगारातून क्वचितच येते. ते बाप-आजाच्या मालमत्तेतून येते.

हिशेबच मांडू. स्वारगेटच्या एकाच ऑफिसात दोन तरुण आहेत, पगार सारखा. जवळपास परवडत नाही म्हणून दोघेही शहराच्या कडेला 30 लाखांचा फ्लॅट घेतात. एकाच्या वडिलांनी गावची जमीन विकली, तो 9 लाख भरतो आणि 21 लाख कर्ज घेतो. दुसरा दांडेकर पुलाच्या वस्तीत वाढलेला. त्याचे साठवलेले 3 लाख, कर्ज 27 लाख. व्याज 9 टक्के आणि मुदत 20 वर्षे धरली तर पहिल्याचा हप्ता सुमारे 18,900 रुपये, दुसऱ्याचा 24,300. पहिला एकूण सुमारे 24.35 लाख व्याज भरतो, दुसरा 31.30 लाख. सुरुवातीला 6 लाख कमी पडले, त्याचे जवळपास 7 लाख व्याज. शिवाय डाउन पेमेंट कमी असले की अनेक संस्था व्याजदरही थोडा चढा लावतात.

कोणी म्हणेल, पहिल्याचेही 6 लाख गेलेच की. गेले; पण ते त्याने कमावले नव्हते. ज्यांच्या आजोबांना जमीन धरण्याचा अधिकारच नाकारला गेला, त्यांच्या नातवाला ती उणीव व्याजासकट फेडावी लागते.

घर महागले की भिंत आणखी उंच होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्के रक्कम मिळू शकते, 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्के, त्यापुढे 75. म्हणजे 50 लाखांच्या घराला स्वतःचे किमान 10 लाख हवेत. पुण्यात 7 टक्के मुद्रांक शुल्काचे साडेतीन लाख आणि नोंदणीचे 30 हजार वेगळे. चावी हातात येण्याआधी 13 लाख 80 हजार!

ही खिंड भरायला पर्सनल लोन काढू नका. त्याचे व्याज गृहकर्जापेक्षा बरेच जास्त असते. घर बाईच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरल्यास दंड लागत नाही, तेव्हा बोनस आला की मुद्दलात भरा. पण आजारपणासाठीची शिल्लक मोडून डाउन पेमेंट फुगवू नका.

मात्र वैयक्तिक काटकसरीने हा प्रश्न सुटणार नाही. रमाई आवास योजना घर बांधायला अनुदान देते, पण शहरात भाड्याने राहणाऱ्याकडे बांधायला जागा कुठे आहे? 1978 पासून महात्मा फुले महामंडळ आहे. धंद्यासाठी त्याची बीज भांडवल योजना आहे, कारण भांडवलाशिवाय बँक उभी करत नाही हे सरकारला मान्य आहे. मग तेच तत्त्व पहिल्या घराला का नाही? ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये 1947 साली बाबासाहेबांनी शेती आणि उद्योगाला भांडवल पुरवण्याची जबाबदारी राज्यावर टाकली होती.

याच भागातल्या पर्वतीवर 1929 मध्ये आपल्या माणसांनी बंद दारासाठी सत्याग्रह केला. आजचे दार बँकेत आहे आणि त्यावर टक्केवारी लिहिलेली आहे. पहिल्या घरासाठी बीज भांडवल, ही मागणी प्रत्येक उमेदवारापुढे ठेवा आणि लेखी उत्तर घ्या.

जय भीम.